यकृताचे शेजारी
(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात वाचलेले भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात यकृतावर व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर स्पष्ट दिसतो आहे. त्याचे उत्तर याच प्रांगणात काल संध्याकाळी ऐकू येत होते. जुन्या तुकड्यांतील विद्यार्थी भेटले की पूर्वी गुरुजींच्या छडीच्या आणि गणिताच्या पेपरच्या आठवणी निघत. आता मुलाबाळांची चौकशी संपली की सोनोग्राफीचे अहवाल निघतात. ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ हे शब्द एकाने उच्चारले की दुसरा म्हणतो, ‘मलाही तेच,’ आणि तिसरा नुसताच हसतो. या हसण्यात थोडी भीती असते आणि पुष्कळशी लाजही असते. लाज अशासाठी की यकृत बिघडले म्हणजे माणूस पिणारा असणार, हे समीकरण समाजाच्या मनात घट्ट बसले आहे. जन्मात दारूला न शिवलेल्या, चतुर्थी-एकादशी पाळणाऱ्या एखाद्या काकूंना तपासणीच्या टेबलावर ‘घेता का?’ असे विचारले जाते, तेव्हा त्यांना आजारापेक्षा त्या प्रश्नाचेच दुःख अधिक होते. घरी येऊन त्या अहवाल कपाटात साड्यांखाली ठेवतात. अहवाल असा झाकून ठेवणे हेच या आजारातील सर्वांत मोठे संकट आहे, कारण आरंभीच्या अवस्थेत हा आजार मागे फिरवता येतो आणि नेमका तोच काळ लपवण्यात जातो.

डॉक्टरांचाही या बाबतीत पूर्वी असाच समज होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग नावाचे रोगनिदानतज्ज्ञ होते. त्यांनी १९८० मध्ये २० रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली या रुग्णांची यकृते मद्यपींच्या यकृतांसारखीच दिसत होती, पण हे लोक मद्यपी नव्हते. लुडविग यांनी या विकाराला नाव दिले, आणि त्या नावातही ‘मद्याविना होणारा’ असा खुलासा घालावा लागला. निर्दोष माणसाला आयुष्यभर आपण निर्दोष असल्याचे सांगत फिरावे लागावे, तसे ते नाव होते. २०२३ मध्ये जगभरच्या यकृततज्ज्ञांनी ते बदलले. नव्या नावात दारूचा उल्लेख नाही. शरीराच्या चयापचयातील बिघाडाशी निगडित असलेला यकृताचा मेदविकार, असा त्याचा अर्थ आहे. नावातल्या बदलाने रोग बरा होत नाही हे खरे, पण साड्यांखालचा अहवाल बाहेर यायला त्याने मदत झाली तर तेही थोडे नाही.

आता एक विलक्षण हकिकत. चीनमधील संशोधकांनी २०१९ मध्ये एका तरुण रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. हा माणूस मद्य घेत नसे. तरीही भात, पिष्टमय किंवा गोड पदार्थ पोटभर खाल्ले की त्याला झिंग येई आणि रक्त तपासले तर त्यात मद्यार्क सापडे. त्याचे यकृतही मेदाने भरलेले आणि सुजलेले होते. अशा दुर्मीळ रुग्णांच्या पोटात सामान्यतः यीस्ट वाढलेले आढळते. पावाचे पीठ फुगवणारे किण्व ते हेच. पण या रुग्णाला बुरशीविरोधी औषधांनी गुण येईना. शोध घेता घेता गुन्हेगार निघाला क्लेबसिएला नावाचा जिवाणू. त्याच्या आतड्यातील वाण साखरेपासून भरपूर मद्यार्क बनवत होता. पुढे संशोधकांनी फॅटी लिव्हरच्या इतर रुग्णांची तपासणी केली. त्यांतील सुमारे ६० टक्के लोकांच्या आतड्यात मद्यार्क बनवणारे असे वाण आढळले. निरोगी माणसांत मात्र ते क्वचितच दिसले. हे जिवाणू उंदरांना दिल्यावर त्यांच्याही यकृतात चरबी साठली.

म्हणजे काकू खरेच बोलत होत्या. त्यांनी प्याले हाती धरले नव्हते. काहींच्या बाबतीत मात्र घरातल्या घरात, आतड्याच्या अंधारात, कोणी भट्टी लावलेली असू शकते.

या एका अभ्यासावरून सगळ्यांच्या यकृताचा निवाडा करणे मात्र चूक होईल. तो अभ्यास एका देशातला होता, रुग्णही मोजके होते. आणि पोटात गेलेल्या प्रत्येक भाताची दारू होते असे मुळीच नाही. तरी त्याने एक दार उघडले. यकृताच्या आजाराचा शोध केवळ यकृतात घेऊन भागणार नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडेही पाहावे लागेल, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

हे शेजारी कोण? प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात असा अंदाज आहे, आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. त्यांची संख्या शरीराच्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड आहे. सगळ्यांचे मिळून वजन मात्र पाव किलोही भरत नाही. यकृताशी त्यांचे नाते रक्ताचे आहे, आणि येथे हा शब्द अलंकारिक नाही. आतड्यांतून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते एका मोठ्या शिरेने आधी यकृतात जाते. या शिरेला डॉक्टर पोर्टल व्हेन म्हणतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येते. त्यामुळे जेवणातून शोषलेले अन्न, औषधे, जिवाणूंनी तयार केलेली बरी-वाईट द्रव्ये या सर्वांचा पहिला मुक्काम यकृतात असतो. जुन्या वाड्यात दिंडी दरवाजाशी देवडी असे आणि येणाऱ्याची विचारपूस तेथे होई, तशी ही व्यवस्था आहे. देवडीवर पहारेकरीही आहेत. १८७६ मध्ये कार्ल फॉन कुप्फर यांनी यकृतातील या पेशींचे वर्णन केले, म्हणून त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. आतड्यातून निसटून आलेला जिवाणू किंवा त्याचा तुकडा पकडणे हे त्यांचे काम.

आतड्याची भिंत शाबूत असेल तर पहारेकऱ्यांना फारसे काम पडत नाही. ती भिंत शाबूत ठेवण्यात जिवाणूंचाच मोठा वाटा आहे. कोंडा, सालीसकट डाळी, पालेभाज्या यांतील तंतू माणसाला पचवता येत नाहीत. ते मोठ्या आतड्यापर्यंत तसेच पोचतात आणि तेथे जिवाणूंचे अन्न होतात. त्या बदल्यात जिवाणू ब्युटिरेटसारखी लहान स्निग्धाम्ले देतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवरच पोसल्या जातात. जेवणातून तंतू गेले आणि त्यांच्या जागी मैदा, साखर व तळण आले की हा देवाणघेवाणीचा व्यवहार मोडतो. तंतूंवर जगणारे जिवाणू रोडावतात, अस्तर दुबळे होते, फटी पडतात. मग काही जिवाणूंच्या बाह्यावरणातील विषारी द्रव्य त्या शिरेतून यकृतात झिरपू लागते. पहारेकरी हाकाटी करतात, सूज येते. जेथे आधी नुसती चरबी होती तेथे सूज आली, की पुढे व्रण, मग घट्ट झालेले सिरोसिसग्रस्त यकृत, आणि काहींच्या नशिबी कर्करोग, अशी वाट सुरू होते. सगळेच या वाटेने शेवटपर्यंत जात नाहीत. बहुसंख्य रुग्ण पहिल्याच टप्प्यावर थांबतात. कोण थांबेल आणि कोण पुढे जाईल हे मात्र माणसाला आतून जाणवत नाही, कारण यकृत दुखत नाही.

जिवाणूंचे आणखीही उद्योग आहेत. यकृतातील चरबी बाहेर पाठवण्यासाठी कोलीन नावाचे पोषकद्रव्य लागते. काही जिवाणू ते मधल्यामध्ये फस्त करतात. यकृत जे पित्त आतड्यात सोडते त्याचे रूपही जिवाणू बदलतात, आणि ते बदललेले पित्त यकृतात परतून चरबी व साखर यांच्या हिशेबात ढवळाढवळ करते. २००४ मध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांचे जिवाणू सोडण्यात आले. ते उंदीर पूर्वीपेक्षा कमी खाऊ लागले, तरी दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरची चरबी निम्म्याहून अधिक वाढली. खाल्ले किती, एवढ्यानेच वजन ठरते हा समज त्या उंदरांनी मोडीत काढला.

उंदरांवरून माणसांकडे वळताना थोडे जपून चालावे लागते, आणि त्यासाठी लांब जायला नको, पुण्याला जावे. तेथील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यूडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांच्या उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पुस्तकी नियमाने दोघेही सडपातळ. अंगातील चरबी मोजली तेव्हा यूडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. त्या छोट्या टिपणात थट्टेने असेही म्हटले होते की यूडकिन मॅरेथॉन धावले आहेत, तर याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार मिटण्याआधी धावत ते गाठणे. थट्टेचा भाग सोडला तर त्यात भारतीय शरीराचे एक कडू सत्य होते. आपल्याकडचा माणूस दिसायला हडकुळा असतो आणि आतून स्निग्ध असतो. चरबी कातडीखाली कमी आणि पोटात, यकृताभोवती व यकृतात अधिक साठते. ‘अंगावर मूठभर मांस नाही, याला कसला फॅटी लिव्हर!’ हे आजीचे वाक्य म्हणूनच चुकते.

याचा पुरावा बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातून आला. तेथील गरीब, शेतात राबणाऱ्या, भातावर जगणाऱ्या खेडुतांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ८.७ टक्के लोकांच्या यकृतात मेद आढळला, आणि त्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक लोक ना लठ्ठ होते ना त्यांचे पोट सुटलेले होते. शहरांचे आकडे यापेक्षा पुष्कळ मोठे आहेत. दिल्लीच्या एम्समधील तज्ज्ञांनी २०२२ मध्ये देशभरातील पाहण्यांची एकत्र छाननी केली, तेव्हा प्रौढांत हे प्रमाण ३८.६ टक्के आणि मुलांत ३५.४ टक्के निघाले. मुलांचा आकडा पालकांनी पुन्हा एकदा ऐकावा: ३५.४. या पाहण्यांत लठ्ठ मुले व रुग्णालयात आलेली मुले बरीच होती, त्यामुळे प्रत्येक वर्गातील तिसरे मूल आजारी आहे असा अर्थ काढू नये. पण शाळेच्या फाटकाबाहेरच्या गाडीवर आणि डब्यातल्या नूडल्सकडे पाहताना तो आकडा लक्षात असलेला बरा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये या आजाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो उगाच नव्हे.

जिवाणूंचा विषयही पुण्यातच पुढे सरकला. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे आणि आघारकर संशोधन संस्थेतील डॉ. दिलीप रानडे यांच्या गटांनी भारतीय आतड्यातील जिवाणूंचा शोध घेतला. पाश्चात्त्य देशांत असे अभ्यास पुष्कळ झाले होते, पण तेथील माणसे वेगळी, त्यांची जेवणे वेगळी. या संशोधकांनी दोन एकत्र कुटुंबे निवडली. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचे जेवणाऱ्या निरनिराळ्या पिढ्यांची तपासणी करून त्यांनी वयाबरोबर जिवाणूंचे प्रमाण कसे बदलते ते पाहिले. तो निबंध २०१२ चा. माणसे थोडी होती, पण कल्पना किती देशी! एकत्र कुटुंब ही संस्था आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांना पुरली, ती प्रयोगशाळेच्याही उपयोगी पडली. पुढच्या पाहण्यांत भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला व मेगास्फेरा या जिवाणूकुलांचे प्राबल्य आढळले. प्रिव्होटेला हे धान्य व भाजीपाला खाणाऱ्या समाजांत विशेष दिसणारे कुल आहे. २०१४ मध्ये याच गटांनी एका नव्या जिवाणूला मेगास्फेरा इंडिका असे नाव दिले. पोटातल्या शेजाऱ्याला देशाचे नाव मिळाल्याचे हे उदाहरण मुलांनाही सांगण्याजोगे आहे.

आता रायपूरकडे. छत्तीसगड म्हणजे धान का कटोरा. येथे येऊन पिढ्या लोटलेल्या मराठी घरांतही सकाळी पोहे, दुपारी भात आणि रात्री पुन्हा भात, हा क्रम रुळला आहे. भात वाईट नाही. मात्र गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेल्या तांदळाचा कोंडा गेलेला असतो, म्हणजे जिवाणूंचा वाटा गिरणीतच राहतो. देशभरच्या अलीकडील पाहणीनुसार भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के उष्मांक धान्य व साखर अशा पिष्टमय पदार्थांतून येतात. यकृत जादा साखरेची चरबी बनवते. म्हणून तेल-तूप सोडले आणि ताटातला भाताचा ढीग तसाच ठेवला, तर यकृताला त्याचा पत्ताही लागत नाही.

याच प्रदेशाने एक पदार्थ जपला आहे, ज्याकडे मराठी घरे बराच काळ कमीपणाने पाहत आली. तो पदार्थ म्हणजे बासी. शिजलेला भात पाण्यात भिजवून लगेच खाल्ला तर बोरे, रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत कांदा, हिरवी मिरची, दही किंवा मही, आणि चेच किंवा लाल भाजी. राज्य शासनाने २०२२ च्या १ मे रोजी, श्रमिक दिनी, सर्वांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा पुष्कळांनी ती केवळ राजकीय हौस मानली. ती हौस असो वा नसो, विज्ञान बासीच्या बाजूने थोडेसे बोलते. भात थंड झाला की त्यातील काही पिष्ट लहान आतड्यात न पचणारे होते आणि तंतूंप्रमाणे थेट जिवाणूंपर्यंत पोचते. रात्रभरात दुग्धाम्ल बनवणारे जिवाणू वाढून त्या पाण्याला आंबटपणा आणतात. महाराष्ट्रातली आंबील याच गोत्रातली, आणि ताक तर घरोघरचेच. पण बासी म्हणजे औषध नव्हे. ताटभर बासी हाही अखेर ताटभर भातच. आणि उन्हाळ्यात भात तासन्‌तास उघडा ठेवून मग पाण्यात टाकला तर त्यात रोगजंतू वाढून पोट बिघडते, हेही गृहिणींना सांगायला हवे.

बाजार मात्र औषधच विकतो. लिव्हर साफ करणारी चूर्णे, कोट्यवधी जिवाणूंच्या कुप्या, घरबसल्या विष्ठेची तपासणी करून आहार सांगणाऱ्या महागड्या सेवा यांच्या जाहिराती रोज दिसतात. फॅटी लिव्हरवर जिवाणूंची अमुक गोळी घ्या, असे सांगण्याइतका भक्कम पुरावा आज नाही. निरोगी व्यक्तीच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोगही झाले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. चूर्णांबाबत तर अधिक सावध राहावे. मुंबईतील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोनाच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला आणि तो वाद जाहीरपणे झाला. त्या वादाचा निकाल काहीही लागो, आधीच सुजलेल्या यकृतावर कोणाच्या सांगण्यावरून काढ्यांचा मारा करणे शहाणपणाचे नाही, एवढे सामान्य माणसाने धरून चालावे. चरबी उतरवण्याचा तपासून पाहिलेला मार्ग कंटाळवाणा आहे. वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्क्यांनी कमी करणे, म्हणजे ८० किलोच्या माणसाने ६ ते ८ किलो. एवढ्याने यकृताची सूज ओसरल्याचे अभ्यासांत दिसले आहे. बाटलीबंद गोड पेये बंद, भात निम्मा, उरलेल्या जागी वरण, उसळ, मुनगा, भाजी. आणि रोज घाम येईपर्यंत चालणे. उसळीतला प्रत्येक घास शेजाऱ्यांनाही पोचतो. दारू ज्याचा त्याचा प्रश्न असे म्हटले जाते, पण मेदाने भरलेल्या यकृतावर थोडीही दारू म्हणजे दुखऱ्या बोटावर हातोडी.

अहवालात नुसते ‘ग्रेड वन’ लिहिले असले तरी पुढे काय, हे डॉक्टरांना विचारायला संकोच नसावा. वय, यकृताच्या दोन साध्या रक्तचाचण्या आणि प्लेटलेटची संख्या यांवरून फिब-फोर नावाचा एक आकडा काढता येतो. तो १.३ च्या खाली असेल तर यकृतात व्रण वाढले असण्याची शक्यता कमी असते, वर असेल तर पुढील तपासणी हवी. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा २ धरतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा आकडा विचारून घ्यावाच. खर्च फारसा नाही, आणि साड्यांखालच्या कागदातील आकडेच बहुधा त्याला पुरतात.

शेवटी पुन्हा डॉ. याज्ञिकांकडे. १९९३ साली त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तेथे जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याची बाळे लहानखुरी होती, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दुबळे स्नायू आणि टिकून राहिलेला मेद घेऊनच ती जगात आली होती. त्यांच्या मातांपैकी अनेकींत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवते ना प्राणी, ते केवळ जिवाणूच बनवतात. त्या गावांतील मुलामुलींना किशोरवयातच, त्यांच्या घरी पाळणा हलण्याच्या कितीतरी आधी, ब-१२ देण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. १९९३ नंतर जन्मलेली ती बाळे आता तिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या मुलांची वजनेही त्याच वहीच्या पुढच्या पानांवर लिहिली गेली आहेत.